सुपारी फुटल्यावर मुलीला 'नाही' म्हणता येतं का?

कृष्णाकाठची (वाळवा) :

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात आहे ते लिहिते. थोडं लांबेल.

आमच्या भावकीतल्या एका मुलीनं साखरपुडा झाल्यावर लग्नाला नकार दिला. बी.एस्सी. झालेली, एकविशीतली पोरगी. आत्यानं तिला लहानपणीच मागून ठेवलेली. "माझ्या घरात यायचीय ही," हे येता-जाता ऐकतच ती वाढली. यंदा आजोबा गेले. मग लग्न करायचं तर वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षं थांबायला लागतंय, असं थोरामोठ्यांनी काढलं आणि बघता बघता सुपारी फुटली. तिनं आईला सांगितलं, मला हे लग्न नको. आई म्हणाली, माझ्याजवळ बोललीस ते बोललीस, वडलांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. वडलांच्या कानावर गेलंच. फोन काढून घेतला गेला, एम.एस्सी.चा फॉर्म भरायचा राहिला, आणि काकी, मावशी, मोठी वहिनी अशा एकेक जणी येऊन तिच्याजवळ बसायला लागल्या. कुणी हात उगारला नाही, कुणी कडी लावली नाही. "तुझ्या बापाला उद्या गावात तोंड दाखवता येणार नाही", "आजीला धसका बसला तर तुझ्या नावावर जाईल", एवढंच रोज.

तरी ती हलली नाही. लग्न मोडलं. आता गावात बोलणं असं की शिकवून पोरीचं वाटोळं केलं.

तिच्या वडलांना मी लहानपणापासून ओळखते. सज्जन माणूस. ते मनापासून म्हणतात, "तिला विचारलं होतं की." विचारलं होतं, हे खरं आहे. बैठकीत दोन्हीकडचे पाहुणे बसलेले, ती चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि चुलत्यांनी विचारलं, "काय गं, काय अडचण न्हाई न्हवं?" त्या जागेवर उभं राहून "आहे" म्हणणारी मुलगी मी तरी पाहिलेली नाही.

जबरदस्तीचं लग्न म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं दूरचं काहीतरी येतं. किर्गिझस्तानात 'आला कचू' नावाचा प्रकार आहे. मुलगा मित्रांना घेऊन मुलीला गाडीत घालून घरी आणतो. तिथल्या कायद्यानं हा गुन्हा आहे, तरी अजून घडतं. त्यातली एक गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. पळवून आणणारे पुरुष असतात, पण तिच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधायला आणि "आता रड आवर, आम्हीही अशाच आलो" म्हणायला पुढं येतात त्या घरातल्या वयस्कर बायका. आपल्याकडं गाडीत कुणी घालत नाही. पण समजूत घालायला बसलेल्या त्या काकी-मावशा मला त्या रुमालवाल्या बायकांपासून फार लांबच्या वाटत नाहीत. त्याही अशाच आलेल्या असतात.

माझं म्हणणं सरळ आहे. नकार दिल्यावर मुलीचं शिक्षण, फोन, आईचं बोलणं, घरातली जागा हे सगळं जाणार असेल, तर तिच्या होकाराला होकार म्हणू नये. आणि हे फक्त अल्पवयीन मुलींचं नाही. अठरा पूर्ण झालेल्या, पदवीधर मुलींचंही हेच चाललंय, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण वय बसतंय म्हटल्यावर सगळे निर्धास्त होतात.

सातारा-सांगलीकडच्या लोकांनी आपापल्या भागात काय चालतं ते लिहावं. कायदा माहीत असणाऱ्यांनी कायदा सांगावा.

दोन मुलींचा बाप (तासगाव) :

ताई, पोटतिडकीनं लिहिलंय, पण बापाची बाजू कुणीतरी मांडली पाहिजे.

माझी थोरली बारावीला आहे, धाकटी नववीला. द्राक्षबाग आहे, त्यावर कर्ज आहे. बारावीनंतर थोरलीला सांगलीला ठेवायचं म्हटलं की पहिल्यांदा घरात विषय निघतो तो "काही कमी-जास्त झालं तर" हा. मी मुलींच्या विरोधात नाही. मला भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. भावकीत एकाची मुलगी पळून गेली, तर त्याच्या धाकट्या मुलीला स्थळच येईना झालं. त्या माणसाच्या घरी सणालासुद्धा कुणी जात नाही. धाकटीचा काय दोष होता? पण भोगतीय ती.

सुपारी फुटल्यावर लग्न मोडलं की खर्च बुडतो, तेही जाऊ दे. पाहुण्यांत शब्द जातो. आमच्या पिढीला शब्दाची किंमत आहे. मुलीला विचारलं पाहिजे, हे मान्य. पण तिनं वेळेवर सांगायला नको का?

अंगणवाडीताई (जत) :

काका, वेळेवर सांगणाऱ्या मुली मी बघितल्यात. सांगून काय होतं तेही बघितलंय.

आमचा जत तालुका दुष्काळी. दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं होतं, ऊसतोडीला. तोडीला कोयता धरतात तो नवरा-बायकोचा मिळून, उचल म्हणजे आगाऊ पैसेही जोडीवर मिळतात. मग पोराचं लग्न झालेलं असलं की एक कोयता वाढतो. आणि मुलीकडं बघितलं तर तिला खोपीवर घेऊन जायचं म्हणजे जोखीम, गावात म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायचं म्हणजेही जोखीम. आई रात्रभर फडात गाड्या भरणार, पोरीकडं कोण बघणार? त्यात आठवीनंतर शाळा लांब. म्हणून सोळाव्या-सतराव्या वर्षी उजवून टाकतात. हे करणारे आईबाप दुष्ट नाहीत. त्यांच्यापुढं दुसरी वाट कुणी ठेवलेलीच नाही.

बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावात ग्रामसेवक असतात आणि आम्ही अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्य करायचं, असा नियम आहे. कागदावर छान आहे. पण मी त्याच गावात राहते. माझं पाणी त्याच नळाला, माझी मुलं त्याच शाळेत. लग्नाची खबर मी दिली हे कळायला संध्याकाळ लागत नाही.

एकदा हळदीच्या दिवशी खबर लागली. आम्ही वस्तीवर गेलो तेव्हा आधार कार्डावर मुलगी एकोणीसची निघाली. शाळेतून प्रवेश निर्गमचा उतारा आणला तर सोळा. आईवडलांकडून हमीपत्र लिहून घेतलं की अठरा झाल्याशिवाय लग्न करणार नाही. मांडव उतरला. पुढच्याच आठवड्यात तिला सीमेपलीकडं कर्नाटकात नातेवाइकांकडं नेऊन लग्न लावलं. मुलगी मला जाताना म्हणाली होती, "बाई, तुम्ही आला न्हवता तवर मला वाटायचं कुणाला सांगितलं तर थांबंल."

म्हणून मी सगळ्यांना सांगते, खबर लग्नाच्या दिवशी देऊ नका. बस्ता बांधायला निघाले की त्याच वेळी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. नाव गुप्त राहतं. आधी कळलं तर मुलीला बालकल्याण समितीपुढं नेता येतं, तिचं ऐकून घेता येतं. अक्षता पडायच्या वेळी पोचलं की सगळं गाव अंगावर येतं आणि मुलगी आणखीच एकटी पडते.

वकीलताई (कराड) :

कायदा विचारलाय म्हणून सविस्तर लिहिते. आधी अल्पवयीन मुलींचं.

१९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीचं वय १४ ठरवलं होतं. १९७८ च्या दुरुस्तीनं मुलीचं १८ आणि मुलाचं २१ झालं. सध्या लागू आहे तो २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा. लोकांचा मोठा गैरसमज असा की अठराच्या आत झालेलं लग्न आपोआप रद्द असतं. तसं नाही. ते लग्न टिकतं, पण जी लहान वयात होती तिला ते रद्द करून मागता येतं. मुदत आहे सज्ञान झाल्यापासून दोन वर्षं, म्हणजे मुलीला वयाची २० पूर्ण होईपर्यंत. लग्न मुळातच बेकायदा ठरतं ते ठरावीक बाबतींत: मुलीला फूस लावून किंवा जबरदस्तीनं नेलं असेल, लग्नासाठी विकलं असेल, किंवा न्यायालयानं मनाई हुकूम दिल्यावरही लग्न लावलं असेल. हा मनाई हुकूम प्रथम वर्ग दंडाधिकारी देऊ शकतात. जतच्या ताईंनी सांगितलं तशी खबर आधी मिळाली तर मी नेहमी तोच मार्ग सुचवते. आणि कर्नाटकात नेऊन लग्न लावणाऱ्यांना एक माहीत नसतं. तिथं राज्य दुरुस्तीनं बालविवाह सरसकट रद्दबातलच ठरवलेला आहे.

अल्पवयीन मुलीशी लग्न करणाऱ्या सज्ञान पुरुषाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. लग्न लावणारा, जमवणारा, प्रोत्साहन देणारे आईबापही त्यात येतात. शिवाय ११ ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अठराच्या आतल्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच धरला जातो. त्यामुळं सतरा वर्षांची मुलगी बाळंतपणाला रुग्णालयात आली की डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. हे जमवणाऱ्यांच्या ध्यानात नसतं आणि मग सगळं घर कोर्टात येतं.

आता मूळ प्रश्न, सज्ञान मुलीचा. तिच्यासाठी वेगळा कायदा आपल्याकडं नाही, पण हाताशी काहीच नाही असंही नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याला लोक सासरचा कायदा समजतात. तो माहेरीही चालतो. त्या कायद्याच्या नियमांतल्या नमुना १ मध्ये मानसिक छळाची यादी आहे. इच्छा नसताना लग्न करायला लावणं, स्वतःच्या पसंतीच्या माणसाशी लग्न करू न देणं, ठरावीक माणसाशीच लग्नाची सक्ती करणं, हे तिन्ही त्यात स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे बाप, भाऊ, चुलता, ज्यांच्यासोबत ती एका घरात राहते त्यांच्याविरुद्ध तिला संरक्षण अधिकाऱ्याकडं जाता येतं आणि दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षण आदेश मिळवता येतो. अटक वगैरे पहिल्या पावलाला नसते, म्हणून मुलींना हा मार्ग जरा सोसतो. आईबापाला तुरुंगात घालायचं नसतं हो त्यांना. फक्त थांबवायचं असतं.

लग्न होऊन गेलं असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १२ आहे. संमती बळजबरीनं किंवा फसवून घेतली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. पण बळजबरी संपल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, आणि मधल्या काळात ती स्वखुशीनं नवऱ्याबरोबर नांदली असेल तर हक्क जातो. इथंच मुली अडकतात. वर्षभर सगळे सांगतात, "जरा सबुरीनं घे, मूल झालं की सगळं मार्गी लागतं." मूलही होतं आणि मुदतही जाते. लग्नाच्या सक्तीसाठी कुणी स्त्रीला पळवून नेलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८७ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मिरजेची :

आमच्यात निकाहला मुलीची कबुली लागते. तिच्याशिवाय निकाहच होत नाही, हे लहानपणापासून ऐकलंय आणि ते खरंही आहे. पण कबुली घ्यायला वकील, म्हणजे मुलीच्या वतीनं बोलणारा माणूस, आणि दोन साक्षीदार आतल्या खोलीत येतात, तेव्हा मुलीभोवती खाला, फुफी, चाची बसलेल्या असतात आणि बाहेर बिर्याणीची देगची उतरलेली असते. तिथं 'ना' कोण म्हणणार? माझ्या मैत्रिणीनं डोकं हलवलंसुद्धा नव्हतं. शेजारचीनं "हो म्हणाली" सांगितलं आणि सही झाली.

धर्मानं दिलेला हक्क घरानं काढून घेतला, हे मला जास्त लागतं. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात मुलीला हेही आहे की पंधराच्या आत वडलांनी किंवा दुसऱ्या वलीनं (पालकानं) लग्न लावलं असेल आणि संबंध आलेला नसेल, तर अठरा होण्याआधी ती ते नाकारू शकते. आमच्या गल्लीत हे किती मुलींना माहीत असेल?

सातारचा मास्तर :

चर्चा वाचली. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून थोडी भर घालतो.

ज्या मुलीचं बालपणी लग्न लावलं तिनं मोठेपणी "हे मला मान्य नाही" म्हणावं का, हा प्रश्न आपल्याकडं दीडशे वर्षांपूर्वी कोर्टात लढला गेलाय. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लावलं होतं. त्या नांदायला गेल्या नाहीत. नवऱ्यानं दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करते असं कळवलं. टिळकांसारखे मोठमोठे लोक त्यांच्या विरोधात होते. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. त्या पुढं लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि आयुष्यभर सुरत-राजकोटकडं बायकांचे दवाखाने चालवले. विशेष म्हणजे त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन त्यांच्या पाठीशी उभे होते. तासगावच्या काकांसाठी हे मुद्दाम लिहितोय. एका बापानं साथ दिली म्हणून तो नकार टिकला.

दुसरी गोष्ट आपल्या मातीतली. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं १८७३ मध्ये भटजीशिवाय लग्न लावलं. त्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वधू वराकडं स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते देण्याची शपथ घेतो. सगळ्यांसमोर मुलीच्या तोंडी बोलणं दिलेलं लग्न! सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. पुढं १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात याच सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, गांधी विवाह लागले. मानपान नाही, जेवणावळी नाहीत, हार घातले की लग्न झालं.

गांधी विवाहाकडं आपण फक्त काटकसर म्हणून बघतो. मला त्यात या धाग्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दिसतं. आज याद्या झाल्या की हॉलची इसार, बस्ता, दागिने, केटरर, डीजे, फोटोवाले असा पैसा धडाधड सुटतो, बऱ्याचदा कर्ज काढून. प्रत्येक पावतीबरोबर मुलीचा नकार महाग होत जातो. पत्रिका छापून झाल्यावर तिच्या एका 'नाही'ची किंमत पाच-सात लाख झालेली असते, आणि ती बापाच्या सात-बाऱ्यावर चढलेली असते. अशा वेळी ती गप्प बसते यात नवल नाही. लग्न पन्नास माणसांत, घरापुढच्या मांडवात होणार असेल तर आदल्या रात्रीसुद्धा थांबता येतं.

माणदेशी माती (म्हसवड) :

मास्तर, पैशाचा मुद्दा पटला. त्याला जोडून मुलींच्या टंचाईचं लिहितो.

आमच्या भागात पस्तिशी गाठलेली, लग्न न जमलेली पोरं वाडी-वस्तीवर आहेत. शेतकरी नवरा नको, हे मुली स्पष्ट सांगायला लागल्यात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तर लग्नाळू पोरांनी बाशिंग बांधून मोर्चा काढला. लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण ही टंचाई कुठून आली ते याच पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये 'नकोशी' नाव असलेल्या मुलींचं जिल्हा परिषदेनं समारंभ करून नव्यानं नामकरण केलं, अशा २८५ मुली सापडल्या होत्या. मार्च २०१७ मध्ये मिरजेजवळ म्हैसाळच्या ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले निघाले. मुली जन्मूच दिल्या नाहीत आणि आता सुना मिळत नाहीत.

कुणी म्हणेल टंचाई झाली तर मुलीची किंमत वाढेल, तिचं ऐकलं जाईल. घडतं उलटं. एजंट तयार झालेत. दुसऱ्या जिल्ह्यातल्या, दुसऱ्या राज्यातल्या गरीब घरची मुलगी, बापाच्या हातात पैसे टेकवून आणायची. लग्न देवळात, तिच्याकडचं कुणी नाही, भाषा वेगळी. तिला कोण विचारणार, आणि ती कुणाला सांगणार? वकीलताईंनी लिहिलं तसं अल्पवयीन मुलीला विकून लावलेलं लग्न कायद्यानं मुळातच रद्द आहे, पण तो कायदा तिच्यापर्यंत पोचवणारं माणूस त्या गावात असावं लागतं.

एक चांगलंही लिहितो. म्हसवडला १९९७ मध्ये चेतना सिन्हा यांनी माणदेशी महिला बँक उभी केली. माझ्या आईचं पहिलं खातं तिथलं. शेळ्यांचे पैसे आईच्या खात्यात यायला लागल्यापासून घरात तिला विचारून निर्णय व्हायला लागले. बहिणीचं लग्न दोन वर्षं थांबवायचं आईनं सांगितलं आणि आबांनी ऐकलं. आधी हीच आई गप्प असायची.

लेस्टरकर (मूळ सांगली) :

मी इथं नर्स आहे. ब्रिटनमध्ये हा प्रश्न भारत-पाकिस्तान-बांगलादेशातून आलेल्या घरांत मोठा आहे, त्यामुळं इथं त्यावर वेगळा कायदाच झाला. २००७ च्या कायद्यानं मुलीला, किंवा तिच्या वतीनं दुसऱ्या कुणालाही, न्यायालयाकडून संरक्षण आदेश घेता येतो. पासपोर्ट जमा करायला लावणं, देशाबाहेर नेऊ न देणं असे हुकूम त्यात असतात. २०१४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये लग्नाची सक्ती हा फौजदारी गुन्हा आहे आणि २०२३ पासून इथं अठराच्या आत लग्नच करता येत नाही.

मला भारून टाकणारी गोष्ट वेगळी आहे. 'कर्म निर्वाण' नावाची संस्था मुलींना सांगते, सुट्टीच्या नावाखाली तुम्हाला लग्नासाठी मायदेशी नेतायत असं वाटलं आणि बोलायची सोय नसली, तर अंतर्वस्त्रात एक चमचा ठेवा. विमानतळावर तपासणीत यंत्र वाजतं, अधिकारी तिला एकटीला बाजूच्या खोलीत नेतात. घरच्यांशिवाय एकटीला बोलता येईल अशी ती कदाचित शेवटची जागा असते. काहीजणी अशा वाचल्यात.

आपल्याकडं मुलीला अशी एकटीनं बोलायची जागा कुठली आहे, याचा मी विचार करते. पाच मिनिटं, दार लावून, जिचा या सोयरिकीत काही संबंध नाही अशा बाईसमोर. आरोग्य केंद्रातली सिस्टर असू शकते. शाळेतली बाई असू शकते.

कृष्णाकाठची (वाळवा) :

सगळ्यांचे आभार. इतकं लिहिलंत.

काका, तुम्ही विचारलंत मुलीनं वेळेवर सांगायला नको का. सांगायला पाहिजे, आणि त्यासाठी वेळ द्यायला पाहिजे. लेस्टरच्या ताई म्हणतात तसं तिला एकटीला विचारा, पाहुणे यायच्या आधी, आणि विचारणारं माणूस असं असू दे की ज्याला तिच्या उत्तरानं फायदा-तोटा नाही. ती "विचार करून सांगते" म्हणाली तर ते उत्तर म्हणून घ्या, आणि तोवर कुठंही पैसे गुंतवू नका. आणि आजोबा गेले की वर्षाच्या आत लग्न उरकायचं असतं म्हणतात, तर ज्या आजोबांनी नातीला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं त्यांच्या नावानं तिला रडवत बोहल्यावर चढवायचं, हे त्यांनातरी आवडलं असतं का?

आणि तुमच्या भावकीतल्या त्या धाकटीला स्थळ येत नाही त्याचं. तुमचं दुःख खरं आहे. पण तिला शिक्षा पळून गेलेल्या बहिणीनं दिलेली नाही. त्या घरी जेवायला जायचं बंद केलं ते आपण, भावकीनं. तुम्ही सणाला त्यांच्या घरी गेलात तर दुसराही येईल. जातीच्या किंवा भावकीच्या पंचांनी बसून असं वाळीत टाकलं तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. असा स्वतंत्र कायदा करणारं आपलं राज्य पहिलं. दाभोलकरांच्या सातारकडचे आपण, त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं (अंनिस) जातपंचायतींविरुद्ध केवढं रान उठवलं होतं. आपल्याच आळीत हे चालू ठेवायचं?

आणखी एक. नकार देणाऱ्या मुलीला घरात ऐकवतात, "मग तुझं तू बघ, इथं हिस्सा मागायचा नाही." २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, आपल्या राज्यात तर त्याआधी १९९४ लाच कायदा झाला होता. तरी हक्कसोड लिहून घेतल्याशिवाय भावांना चैन पडत नाही. आमच्याच कासेगावच्या इंदुताई पाटणकर, गेल ऑम्वेट यांनी या जिल्ह्यात नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांची चळवळ उभी केली, तेव्हा त्या बायकांनी काय मागितलं? स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, राहायला जागा. लग्नाशिवायही बाईला पाय टेकायला जमीन असली की तिच्या 'नाही'ला वजन येतं. आपल्या घरातल्या हक्कसोडपत्रावर सही घ्यायच्या आधी एवढा तरी विचार करा.

दोन मुलींचा बाप (तासगाव) :

रात्री हा धागा बायकोला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मला कुणी विचारलं नव्हतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, हे मला आज कळलं.

थोरलीचा सांगलीचा फॉर्म भरतोय. वसतिगृहाची कुणाला चांगली माहिती असेल तर सांगा. भीती गेलेली नाही माझी.

अंगणवाडीताई (जत) :

काका, समाजकल्याण खात्याच्या आणि रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांची चौकशी आत्ताच करा, निकालानंतर गर्दी होते. आणि धाकटीला बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्यादेवी होळकर योजनेतून. शाळेतून फॉर्म मिळतो. पाचवी ते बारावीच्या मुलींना आहे, तरी अजून पालक विचारत नाहीत.

आपल्या राज्यात २०-२४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या २०१५-१६ मध्ये शंभरात २६ होत्या, २०१९-२१ मध्ये २२. उतरतंय. मी रोज बघते, मुलगी अकरावीला गेली की लग्नाचं बोलणं आपोआप मागं पडतं. गावातून कॉलेजपर्यंत जाणारी सकाळची एसटी बंद झाली की त्याच वर्षी मांडव पडायला लागतात.

नवीन सभासद (विटा) :

पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या मावसबहिणीचं लग्न ती सोळाची असताना लावलं. आता ती एकोणीसची आहे, माहेरी परत आलीय, एक लहान मुलगी आहे. सासरचे न्यायला येतायत, मावशी पाठवायचं म्हणतेय. तिला जायचं नाही. वकीलताई, वर लिहिलंय ते तिला लागू होतं का? मुलीचं काय होईल? वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

वकीलताई (कराड) :

लागू होतं, आणि वेळ कमी आहे. वीस पूर्ण व्हायच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे, त्यामुळं तिची जन्मतारीख आजच बघा. ती राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात करता येतो, जिथं कौटुंबिक न्यायालय असेल तिथं त्यात. नवऱ्याच्या गावी जायची गरज नाही. लग्न रद्द झालं तरी मुलगी कायद्यानं औरसच राहते आणि तिच्या ताब्याचा, पोटगीचा हुकूम न्यायालय देतं. बहिणीलाही पुन्हा लग्न होईपर्यंत पोटगी मागता येते. लग्नात दिलेले दागिने, पैसे परत करण्याचा हुकूमही त्याच निकालात होतो.

पैशाची काळजी करू नका. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. सांगलीच्या जिल्हा न्यायालयात कार्यालय आहे, विट्याच्या न्यायालयातही तालुका समितीकडं चौकशी करा. फोन १५१०० ला लावा. जाताना तिचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाची पत्रिका किंवा फोटो, आणि बाळाचा जन्मदाखला घेऊन जा. तोवर सासरचे दारात आले आणि नेण्याची जबरदस्ती केली तर पोलिसांना ११२ वर फोन करा.

नवीन सभासद (विटा) :

जन्मतारीख बघितली. अजून चार महिने आहेत. शाळेत दाखल्यासाठी उद्या मीच जाते तिच्याबरोबर.